माणसाचें पोट आणि सशाचें पिल्लूं

घाटनांदूर आणि त्याच्या आसपासच्या बालाघाटी खेड्यांतील वयोवृद्ध माणसांच्या बोलण्यांत 'पटकी' हा शब्द अजून ऐकूं येतो. शहरांत ज्याला कॉलरा म्हणतात, तोच हा रोग. मराठी मुलखांत त्याची एवढी दहशत होती कीं, गांवोगांवीं वेशीबाहेर मरीआईचें ठाणें असे. साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेपलीकडे नेऊन सोडीत, आणि पलीकडच्या गांवानें तो आणखी पुढें न्यावा, असा रिवाज असे. सकाळीं शेतावर गेलेला धडधाकट माणूस सायंकाळीं सरणावर जाई. अशा साथींत शेतकऱ्याच्या सहज लक्षांत येण्याजोगी एक गोष्ट होती. ज्या ओढ्याचें पाणी माणसें पीत, त्याच ओढ्यावर गुरेंही उतरत. माणसें पटापट दगावत. पण बैलाला किंवा शेळीला पटकी लागल्याचें कोणीं पाहिलें नव्हतें. हें असें कां व्हावें?

श्रोतेहो, प्रश्न साधा दिसतो. परंतु याच प्रश्नानें मोठमोठ्या शास्त्रज्ञांना सत्तर वर्षें अडवून धरलें होतें, आणि त्याचें एक महत्त्वाचें उत्तर मुंबईच्या परळ भागांतील एका प्रयोगशाळेंत सशाच्या पिल्लांच्या साहाय्यानें मिळालें. माणसाच्या आतड्यांतील जंतूंचा अभ्यास प्राण्यांवर कसा करतात, त्यापासून काय कळतें आणि काय कळूं शकत नाहीं, हें या हकिकतीवरून चांगलें स्पष्ट होतें.

१८८३ सालीं ईजिप्तमध्यें पटकीची मोठी साथ उसळली. जर्मनीचे प्रख्यात जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख हे तिचा शोध घेण्यासाठीं तेथें गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून कलकत्त्यास आले. पटकीच्या रोग्यांच्या आतड्यांत त्यांना स्वल्पविरामासारखा वांकडा असा एक जंतु आढळला. १८८४ सालीं हाच पटकीचा जंतु असें त्यांनीं जाहीर केलें. तथापि एक अडचण राहिली. अमुक जंतु हा अमुक रोगाचें कारण आहे असें ठरवावयाचें, तर तो जंतु निरोगी प्राण्याच्या शरीरांत घालून तोच रोग उत्पन्न करून दाखविला पाहिजे, असा शास्त्राचा दंडक. कॉख यांनीं उंदीर, माकडें, कुत्रीं, कोंबड्या अशा नाना प्राण्यांवर प्रयोग केले. एकालाही पटकी झाली नाहीं. शेतकऱ्याचा अनुभव आणि शास्त्रज्ञाचा प्रयोग एकच गोष्ट सांगत होते.

या उणिवेचा लाभ विरोधकांनीं घेतला नसता तरच नवल. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ पेटेनकोफर यांचा असा आग्रह होता कीं, एकटा जंतु पटकी उत्पन्न करूं शकत नाहीं. सत्तरी उलटलेल्या या गृहस्थांनीं १८९२ सालीं पटकीच्या जंतूंनीं भरलेला द्रव सर्वांसमक्ष पिऊन टाकला. त्यांना थोडेसे जुलाब झाले, एवढेंच. मग कॉख यांचें म्हणणें खोटें काय? खोटें नव्हतें, परंतु अपुरें होतें. रोगाचें बीज आणि रोग यांच्या दरम्यान माणसाचें पोट असतें, आणि त्या पोटांत काय काय आहे याचा विचार अजून व्हावयाचा होता.

पोटांत पहिला पहारेकरी म्हणजे जठरांतील आम्ल रस. पटकीचा जंतु आम्लांत तग धरूं शकत नाहीं. कॉख यांनींच पुढें गिनिपिग नांवाच्या लहान प्राण्याच्या जठरांतील आम्ल सोड्यानें मारून व अफूच्या अर्कानें आतड्यांची हालचाल मंद करून त्यांत हा जंतु रुजवून दाखविला. दुसरा पहारेकरी मात्र अधिक विस्मयकारक आहे. आपल्या आतड्यांत कोट्यवधि जंतूंची कायमची वस्ती असते. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी, आणि कित्येक तर उपकारक. भरल्या घरांत आगंतुकाला पथारी पसरण्यास जागा मिळूं नये, तसें या जुन्या रहिवाशांमुळें नव्या जंतूला आतड्यांत ठाव मिळत नाहीं.

ही कल्पना प्रथम जोरानें मांडणारे शास्त्रज्ञ म्हणजे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मेच्निकॉफ. मोठ्या प्राण्यांना पटकी होत नाहीं याचें कारण त्यांच्या आतड्यांतील जुनी वस्ती असेल, तर जिच्यांत अशी वस्ती नीट बसलेली नाहीं अशा तान्ह्या पिल्लांना ती व्हावयास पाहिजे, असा त्यांचा तर्क. १८९४ च्या सुमारास त्यांनीं आईच्या अंगावर पिणाऱ्या सशाच्या पिल्लांच्या पोटांत हे जंतु घातले. आणि त्या पिल्लांना खरोखरच पटकीसारखे जुलाब झाले. प्रश्नाची किल्ली सांपडली होती. परंतु पुढें साठ वर्षें ती बहुतेक तशीच पडून राहिली.

ती पुन्हां हातीं घेतली गेली ती मुंबईंत. आणि तिचा मुंबईशीं संबंधही सहज जुळण्यासारखा आहे. मेच्निकॉफ यांचे ओडेसा येथील एक विद्यार्थी वाल्देमार हाफकिन यांनीं पटकीवर लस तयार केली व १८९२ च्या जुलैंत ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. या लशीसाठीं जंतु प्रखर करण्याचें काम त्यांनीं गिनिपिगच्या उदरपोकळींतून ते जंतु एकामागून एक नेऊन साधलें होतें. १८९३ सालीं हाफकिन हिंदुस्थानांत आले. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग सुरू झाला, तेव्हां त्यांनीं त्यावरही लस शोधून १८९७ च्या जानेवारींत स्वतःच्याच अंगावर तिची पहिली परीक्षा केली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ सालीं परळ येथील जुन्या गव्हर्मेंट हाउसमध्यें आली, आणि १९२५ सालीं तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हें नांव मिळालें.

याच संस्थेंत डॉ. एन्. के. दत्त आणि एम्. के. हब्बू हे पटकीवरील औषधांची पारख करण्याच्या उद्योगांत होते. औषध गुणकारी आहे कीं नाहीं हें पाहावयाचें, तर आधीं रोगी पाहिजे. मरणाच्या दारीं असलेल्या माणसावर अनोळखी औषध आजमावणें उचित नव्हे. आणि प्राण्याला तर पटकी होत नाहीं! या पेचांतून त्यांनीं सशाच्या तान्ह्या पिल्लांकडे लक्ष वळविलें. जंतु सरळ आतड्यांत सोडल्यामुळें जठरांतील आम्लाचा पहारा टळला, आणि वय कोंवळें असल्यामुळें जुन्या वस्तीचा पहाराही ढिला होता. त्या पिल्लांना माणसासारखेच पाण्यासारखे जुलाब झाले, शरीरांतील पाणी आटलें आणि तीं मेलीं. १९५५ सालीं त्यांनीं ही पद्धति प्रसिद्ध केली. कॉख यांना जें साधलें नव्हतें, त्याची एक खात्रीची व पुन्हां पुन्हां करून पाहतां येण्याजोगी रीत जगाला मुंबईंतून मिळाली.

आतां पुढचा प्रश्न असा कीं, हा जंतु माणसाला मारतो तरी कसा? तो रक्तांत शिरत नाहीं, आतड्याचें अस्तरही कुरतडून टाकीत नाहीं. मग इतका अनर्थ कशानें होतो? १९५९ सालीं याचें उत्तर दोन ठिकाणांहून आलें. कलकत्त्यास डॉ. शंभुनाथ डे यांनीं मोठ्या सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा शरीरांतल्या शरीरांत दोन्ही टोंकांस दोऱ्यानें बांधला, आणि त्यांत जंतु गाळून काढलेला नुसता द्रव घातला. जंतु एकही नव्हता. तरी तो तुकडा पाण्यानें फुगला. इकडे हाफकिन इन्स्टिट्यूटमध्यें दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनीं जंतु फोडून काढलेलें द्रव्य सशाच्या पिल्लांना दिलें, आणि जिवंत जंतूंवांचून त्यांना पटकीसारखे जुलाब झाले. तात्पर्य, घातक वस्तु म्हणजे जंतूनें सोडलेलें विष. पुढें अमेरिकेंतील फिंकेलस्टाइन यांनीं दत्त यांच्याच सहकार्यानें हीं पिल्लें वापरून काम वाढविलें, आणि १९६९ सालीं तें विष शुद्ध स्वरूपांत हातीं आलें.

हें विष आतड्याच्या अस्तराला चिकटतें आणि शरीरांतील क्षार व पाणी आतड्यांत ओतावयास लावतें. मोटेची धांव थांबूं नये आणि विहीर उपसून कोरडी पडावी, तसा प्रकार होतो. तीव्र पटकींत तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरांतून जाऊं शकतें. म्हणजे रोगी मरतो तो शरीर शुष्क होऊन. अस्तर मात्र शाबूत राहतें, ही त्यांतील आशेची गोष्ट होय.

ती आशा दुसऱ्या एका प्राण्यानें फलद्रूप केली. १९६० सालीं रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञानें हॅम्स्टर नांवाच्या उंदराच्या जातीच्या प्राण्याच्या आतड्यावरील प्रयोगांवरून असें प्रतिपादिलें कीं, साखर आणि मीठ हीं आतड्याच्या अस्तरांतून हातांत हात घालून आंत जातात. आणि त्यांच्यामागून पाणी जातें. पटकीच्या रोग्यांत ही वाट उघडीच असते. १९६८ सालीं ढाका येथें रोग्यांना ठराविक प्रमाणांत साखर व क्षार घातलेलें पाणी पाजून पाहण्यांत आलें, आणि तें यशस्वी झालें. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली, तेव्हां बनगांव येथें डॉ. दिलीप महालनवीस यांच्यापाशीं शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें होतें. त्यांनीं साखरमिठाचें पाणी पिंपांतून भरून ठेवलें, आणि रोग्यांच्या नातलगांकडून तें पाजविलें. तेथील मृत्यूचें प्रमाण शेंकडा तीसच्या जवळपास होतें, तें शेंकडा चारच्याही खालीं आलें. जी गोष्ट मोठ्या इस्पितळांत करावयाची, ती आईच्या हातच्या वाटी-चमच्यानें होऊं लागली.

येथवर जंतूच्या विषाची कथा झाली. परंतु आतड्यांतील जुन्या रहिवाशांचें काय? त्यांच्याविषयींही प्राण्यांनींच पुष्कळ सांगितलें आहे. १९५५-५६ च्या सुमारास अमेरिकेंत रोल्फ फ्रेटर यांनीं उंदरांना व गिनिपिगना स्ट्रेप्टोमायसिन देऊन त्यांच्या आतड्यांतील नेहमींचे जंतु हटविले, आणि मग पटकीचे व हगवणीचे जंतु पोटांत घातले. एरवीं ज्यांचा तेथें टिकाव लागत नसे, ते जंतु आतां निर्धास्तपणें नांदूं लागले. वस्ती उठविली कीं गांव चोरांना मोकळें! मेच्निकॉफ यांचा तर्क असा पडताळून पाहण्यांत आला. घरांत उरलेल्या गोळ्या जुलाबावर डॉक्टरला न विचारतां देऊं नयेत, याचें एक मोठें कारण हेंच आहे.

याहूनही पुढची पायरी म्हणजे आतड्यांत एकही जंतु नसलेला प्राणी. १८८५ सालीं पाश्चर यांनीं असें मत दिलें होतें कीं, जंतूंवांचून प्राणी जगूं शकणार नाहीं. दहा वर्षांनीं बर्लिनमध्यें नटॉल आणि थीरफेल्डर यांनीं गिनिपिगचें पिल्लूं आईचें पोट चिरून बाहेर काढलें, आणि निर्जंतुक हवा व दूध देऊन कांहीं दिवस जगवून दाखविलें. पुढें बंद पेटींत असे उंदीर पिढ्यान्‌पिढ्या वाढविण्याचें तंत्र साधलें. हे उंदीर जगतात, परंतु निराळे असतात. त्यांच्या मोठ्या आतड्याचा आरंभींचा भाग बेसुमार फुगतो. रोगप्रतिकाराची शक्ति पुरती वाढत नाहीं. आणि अन्नांतून के जीवनसत्त्व न मिळाल्यास त्यांना रक्तस्राव होतो, कारण एरवीं आतड्यांतील जंतु तें थोडेंबहुत पुरवीत असतात. आपण आपल्या जंतूंना किती देणें लागतों, हें त्यांच्या अभावानेंच कळून आलें.

अशा कोऱ्या पाटीवर मग माणसाचीं अक्षरें लिहितां येऊं लागलीं. आफ्रिकेंतील मलावी देशांत कित्येक जुळीं मुलें अशीं आढळलीं कीं, घर एक, अन्न एक, तरी एका भावंडाला अतिकुपोषणाचा सूजरोग आणि दुसरें धड. अमेरिकेंतील जेफ्री गॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या मुलांच्या मलांतील जंतु जंतुरहित उंदरांच्या आतड्यांत वसविले. मलावीचेंच अन्न दोघांनाही दिलें असतां, आजारी भावंडाचे जंतु लाभलेले उंदीर बरेच अधिक रोडावले. हें १९१३ चें नव्हे, अलीकडचें, २०१३ सालचें संशोधन आहे. नुसत्या अन्नाची उणीव हें कुपोषणाचें सर्व कारण नव्हे. तें अन्न सत्कारणीं लावणारे जंतुही पोटांत वयानुसार वाढले पाहिजेत, असें त्यावरून दिसलें.

हा शोध उंदरापाशीं थांबला असता, तर त्याचें मोल मर्यादितच राहिलें असतें. त्याच मंडळींनीं ढाका येथील संशोधकांसह बांगलादेशी मुलांचे जंतु घातलेल्या उंदरांवर, आणि नंतर डुकराच्या पिल्लांवर, निरनिराळीं खाद्यें आजमावलीं. आणि त्यांतून हरभरा, भुईमूग, सोयाबीन व कच्चें केळें यांचें एक मिश्रण निवडलें. मग तें ढाक्याच्या मिरपूर वस्तींतील कुपोषित मुलांना तीन महिने देण्यांत आलें. नेहमींच्या पूरक आहारापेक्षां त्यांत उष्मांक कमी होते. तरीही त्या मुलांची वाढ अधिक वेगानें झाली, असा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. हरभरा, भुईमूग आणि सोयाबीन हीं आमच्या बीड जिल्ह्यांतील शेतकऱ्यालाही ओळखीचीं पिकें आहेत. त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. कोणते जंतु कशावर पोसतात, हें कळणें महत्त्वाचें.

तथापि येथेंच सावधपणाचा इशारा दिला पाहिजे. उंदीर म्हणजे लहान आकाराचा माणूस नव्हे. उंदीर आणि ससा हे आपल्या लेंड्या पुन्हां खातात. अन्न आंबविण्याची त्यांची पिशवी शरीराच्या मानानें फार मोठी असते. त्यांच्या आतड्यांतील बहुतेक जंतुही माणसाहून निराळे असतात. माणसाचे जंतु उंदरांत घातले, तरी त्यांतील सगळेच तेथें रुजत नाहींत. माणसांमाणसांतही भेद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रांतील संशोधकांना भारतीयांच्या आतड्यांत प्रिव्होटेला या कुळांतील जंतूंचें प्राबल्य आढळलें. पाश्चात्त्यांत सामान्यतः तसें नसतें. मग परदेशच्या उंदरावरून सर्व माणसांविषयीं निर्णय कसा द्यावा?

२०२० सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं या क्षेत्रांतील प्रसिद्ध झालेल्या निबंधांची छाननी केली. रोगी माणसाचे जंतु उंदरांत घातल्यावर रोगाचीं लक्षणेंही उंदरांत उतरतात काय, असा प्रश्न विचारणारे ३८ अभ्यास त्यांनीं तपासले. त्यांपैकीं ३६ अभ्यासांचें उत्तर 'होय' असें होतें. इतक्या निरनिराळ्या रोगांत एवढें यश मिळावें, हीच गोष्ट त्यांना शंकास्पद वाटली. ज्या परीक्षेंत सगळेच मुलगे उत्तीर्ण होतात, ती परीक्षाच एकदां तपासून पाहावी लागते. म्हणून 'उंदरांवर सिद्ध झालें आहे' असें सांगून कोणी पोटाचें चूर्ण किंवा बाटली विकूं लागला, तर सुज्ञ गृहस्थानें एवढेंच विचारावें कीं, माणसांवर सिद्ध झालें आहे काय?

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती झांकून ठेवणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. या ज्ञानाची किंमत मुक्या जीवांनीं दिली. सशाचीं तीं पिल्लें तहानेनें व्याकूळ होऊन मेलीं. आपल्या देशांत १९६० सालीं प्राण्यांना क्रूरपणें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि १९९८ सालच्या नियमांनीं प्राण्यांवरील प्रयोगांस समितीची पूर्वसंमति आवश्यक ठरविली. १९५९ सालींच रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज शास्त्रज्ञांनीं तीन सूत्रें सांगितलीं होतीं : प्राण्यावांचून भागत असेल तेथें प्राणी वापरूं नये, वापरावयाचेच तर कमींत कमी वापरावेत, आणि त्यांना यातना होऊं नयेत अशी दक्षता घ्यावी. निष्काळजीपणानें केलेला प्रयोग हा या दृष्टीनें दुहेरी अपराध होय. त्यांत जीव जातो आणि ज्ञानही मिळत नाहीं.

कॉख यांच्या प्राण्यांनीं खोटी साक्ष दिली नव्हती. 'आमच्या पोटांत पहारा आहे' एवढेंच त्यांना सांगावयाचें होतें. तें ऐकूं येण्यास योग्य प्रश्न विचारणारा भेटावा लागला. प्राण्याला नेमका प्रश्न विचारला, तर तो नेमकें उत्तर देतो. त्या उत्तराची अखेरची परीक्षा मात्र माणसांतच व्हावी लागते. पिल्लांवरून विष कळलें, हॅम्स्टरवरून वाट कळली. आणि ढाका व बनगांव येथील रोगी बरे झाले, तेव्हां तें ज्ञान पुरें झालें.

आज त्या ज्ञानाचा उपयोग घरोघरीं होण्यासारखा आहे. जुलाब होत असतां लेंकराला पाणी देऊं नये, अशी समजूत कित्येक घरांत अजून आहे. तिनें पटकीइतकाच घात केला आहे. एक लिटर स्वच्छ पाणी, त्यांत चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हें मिश्रण थोडें थोडें पाजीत राहावें. आरोग्य केंद्रांत मिळणारी पुडी असल्यास ती अधिक चांगली. अंगावरचें दूध बंद करूं नये. मूल मलूल होऊं लागलें, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचांतून रक्त पडलें, तर विलंब न लावतां डॉक्टरकडे न्यावें. पाणी गाळून व उकळून प्यावें, आणि शौचानंतर व जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावेत. यांतील एकही गोष्ट कठीण नाहीं. परंतु मुलाचा प्राण वांचविण्यास ती पुरेशी होऊं शकते.